छोटं टर्बोजेट दीड लाख आरपीएमला फिरतं, मग मॉडेल विमान आवाजाच्या वेगाने का जात नाही?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना संदर्भ लागेल. विचारणारे मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहेत आणि प्रोजेक्टसाठी मॉडेल विमानाचं छोटं टर्बोजेट (हवा ओढून, दाबून, तिच्यात इंधन जाळून गॅस मागे फेकणारं इंजिन) घ्यायचा ग्रुपचा विचार चाललाय. डेटाशीटवर त्यांना दिसलं दीड लाखाच्या वर आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि एक्झॉस्टचा वेग ताशी दीड हजार किमीच्या वर. त्यावरून तीन शंका: एवढ्या वेगाने गॅस बाहेर पडतोय तर विमान त्याच्या निम्म्यानेही का जात नाही? जोरात उडताना समोरून हवा फुकटात कोंबली जाते, तर थ्रस्ट, म्हणजे विमानाला पुढे ढकलणारा रेटा, वाढायला नको का? आणि कुणीतरी त्यांना सांगितलंय की फार वेगात ही छोटी इंजिनं गुदमरतात, ते खरं का?

झटपट उत्तर हवं असेल तर इंजिन गुदमरत नाही (इनटेक, म्हणजे हवा आत घेणारं तोंड, धड असेल तर), थ्रस्ट वाढत नाही, उलट थोडा घटतो, आणि विमान अडतं ते इंजिनामुळे कमी आणि स्वतःच्या ड्रॅगमुळे, म्हणजे हवेच्या विरोधामुळे, जास्त. पण एवढंच पाठ करून व्हायवाला गेलात तर एक्स्टर्नलच्या दुसऱ्या प्रश्नालाच विकेट पडेल, म्हणून जरा बैजवार लिहितो. माझं रोजचं काम टर्बोचार्जर आणि छोट्या टर्बाइनचे रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, बॅलन्स करायचं आहे आणि सुट्टीचे दिवस जेट मॉडेल उडवणाऱ्या मंडळींच्या घोळक्यात जातात, त्यामुळे जे सांगतोय ते त्या बाजूने. पुस्तकी सायकल अ‍ॅनालिसिस तुमच्या सरांकडून मिळेलच.

खरी गोची अशी आहे की प्रश्नात दोन वेग एकमेकांत मिसळलेत, एक रोटरचा आणि एक विमानाचा. दोघांचा संबंध आहे पण तो सरळ नाही. आणि आकडे हे इंजिन कुठलं, नोझल (गॅस बाहेर सोडणारं मागचं तोंड) केवढं, इनटेक कसा, बाहेर थंडी आहे का ऊन, या सगळ्यावर बदलतात, म्हणून मी एकच इंजिन धरून चालतो, जेटकॅट पी१००-आरएक्स, जर्मन कंपनीचं, हौशी लोकांमध्ये बऱ्यापैकी चालणारं. वजन किलोच्या जरासं वर, व्यास ९७ मिमी, म्हणजे हातात मावतं. फुल थ्रॉटलला १०० न्यूटन थ्रस्ट, म्हणजे साधारण १० किलोचा रेटा. आयडल, म्हणजे नुसतं चालू ठेवलेलं असताना, ४२ हजार आरपीएम, मॅक्स १,५२,००० च्या आसपास. प्रेशर रेशो २.९ (म्हणजे हवेचा दाब २.९ पट होतो), सेकंदाला ०.२३ किलो हवा, एक्झॉस्टचा वेग ताशी १,५६५ किमीच्या आसपास, म्हणजे सेकंदाला ४३५ मीटर. आता ०.२३ ला ४३५ ने गुणा, बरोब्बर १०० येतात. थ्रस्ट म्हणजे एवढंच, दर सेकंदाला किती हवा घेतली आणि तिचा वेग किती वाढवला. हा गुणाकार डोक्यात ठेवा, पुढे सगळं याच्यावरच आहे.

आधी रोटर. लोकांना दीड लाखाचं फार अप्रूप वाटतं, पण आम्ही आरपीएमपेक्षा व्हीलच्या टोकाचा वेग बघतो. या इंजिनांत पुढे सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसर असतो, तो हवा मधोमध घेतो आणि कडेला भिरकावतो, मग ती वेगातली हवा डिफ्युझरच्या पात्यांमध्ये मंद होते आणि तिचा वेग दाबात बदलतो. हवेला किती ऊर्जा मिळाली हे टोकाच्या वेगाच्या वर्गावर ठरतं. त्यामुळे अडीच-तीनचा प्रेशर रेशो हवा असेल तर टोक सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास पळालंच पाहिजे, व्हील ताटाएवढं असो की बशीएवढं. मग व्हील लहान केलं की आरपीएम आपोआप वाढतो, त्यात वेगळा पराक्रम काही नाही. प्रवासी विमानाच्या इंजिनाचा कोर दहा-पंधरा हजार आरपीएमला फिरतो तो आळशी म्हणून नाही, त्याचा व्यास मोठा म्हणून.

केजे-६६ नावाचं एक जुनं डिझाइन आहे, घरी इंजिन बनवणारे बहुतेक जण त्याच्यापासून सुरुवात करतात, त्यातला ६६ म्हणजे टर्बोचार्जरमधून उचललेल्या कॉम्प्रेसर व्हीलचा मिलिमीटरमधला व्यास. ते १,१७,००० आरपीएमला धरलं तर टोकाचा वेग ४०४ मीटर प्रति सेकंद येतो. आवाजाचा वेग साध्या हवेत ३४० च्या आसपास. म्हणजे विमान टॅक्सीवेवर ब्रेक लावून उभं असतं तेव्हाही आतल्या व्हीलचं टोक आवाजाच्या पुढे पळत असतं. (या सगळ्या प्रकाराची सुरुवात ज्यांनी केली त्यात जर्मनीचे कुर्ट श्रेकलिंग हे मोठं नाव. त्यांच्या एफडी-३ इंजिनात कॉम्प्रेसर व्हील चक्क प्लायवूडचं होतं, वरून कार्बन फायबर गुंडाळलेलं! आज कुणी असं व्हील माझ्याकडे बॅलन्सिंगला आणलं तर मी मशीन सुरू करण्याआधी खोलीबाहेर जाईन, पण त्यांनी ते चालवून दाखवलं होतं.)

आता त्याच ६६ मिमीच्या व्हीलच्या टोकावर किती ओढ पडते ते काढा. ओमेगा वर्ग गुणिले त्रिज्या, उत्तर जवळपास ५ लाख जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ५ लाख पट. टोकावर एक मिलिग्रॅम जास्तीचं वजन राहिलं तर शाफ्टला साधारण ५ न्यूटनचा, म्हणजे अर्ध्या किलोचा हिसका बसतो, आणि तो सेकंदाला जवळजवळ २,००० वेळा दिशा बदलत फिरतो. एक मिलिग्रॅमला हे, दहा मिलिग्रॅमला पाच किलो. म्हणून बॅलन्सिंगला आलेला रोटर मी उघडतो तेव्हा आधी नट, कॉम्प्रेसर, स्पेसर, शाफ्ट, टर्बाइन सगळ्यांवर एका रेषेत खूण करतो, कारण नट सोडून नुसता पाव फेरा वेगळा बसवला तरी मशीनवरचा आकडा बदलतो. बरेच हौशी लोक बेअरिंग बदलताना ही खूण करत नाहीत आणि मग "बेअरिंग ओरिजिनल टाकलं तरी आवाज येतोय" म्हणतात. बेअरिंगचा काही दोष नसतो हो त्यात.

बेअरिंगबद्दल थोडं. साधं तेल भरलेलं बेअरिंग इथे टिकत नाही. अँग्युलर कॉन्टॅक्टचं हायब्रिड सिरॅमिक लागतं, म्हणजे रेस (आतली-बाहेरची कडी) स्टीलच्या आणि गोळ्या सिलिकॉन नायट्राइडच्या. कारण गोळीचं स्वतःचं वजन. ती फिरताना बाहेरच्या रेसवर दाबली जाते आणि सिरॅमिकची गोळी स्टीलच्या निम्म्याहूनही हलकी. शिवाय मागच्या बेअरिंगवर स्प्रिंगने प्रीलोड, म्हणजे कायमचा थोडा दाब, देतात, नाहीतर गोळ्या लोळायच्या ऐवजी घसरतात आणि काही मिनिटांत रेस निळी पडते. वंगणासाठी वेगळी टाकी, वेगळा पंप वगैरे काही नाही, इंधनातच चार-पाच टक्के टर्बाइन ऑइल मिसळतात आणि त्या मिश्रणाचा थोडा भाग एका बारीक नळीने शाफ्टच्या बोगद्यात सोडतात. तो तिथे वंगण करतो, त्याहून जास्त थंडावा देतो, आणि मग आगीतच जाऊन जळतो. एवढं करून सुद्धा अशा इंजिनांना साधारण २५ तासांनी सर्व्हिसला पाठवायला सांगतात. कारच्या इंजिनाची सवय असलेल्या माणसाला हा विनोद वाटतो.

कम्बस्टरवर, म्हणजे इंधन जळतं त्या भागावर, फार वेळ घालवत नाही. एवढंच की हवा आत येऊन जळून टर्बाइनपर्यंत पोहोचायला दोन-तीन मिलिसेकंद मिळतात, तेवढ्यात केरोसिनची वाफ होऊन ते पूर्ण जळायला हवं, म्हणून आत वाकड्या व्हेपरायझर नळ्या असतात ज्या ज्वाळेतच तापलेल्या राहतात. इंधन फुल थ्रॉटलला मिनिटाला साधारण ३९० मिली. हिशोब केला तर एक किलो इंधनामागे पंचेचाळीसेक किलो हवा येते आणि जळायला लागते पंधरा. बाकीची सगळी हवा फक्त गॅस थंड करायला, कारण मागचं टर्बाइन व्हील इनकोनेल या उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूचं असलं तरी त्याला थंड ठेवायला मोठ्या इंजिनांसारख्या आतून पोकळ पात्या नसतात. एवढ्या लहान पात्यात भोक कुठे पाडणार? म्हणून एक्झॉस्टचं तापमान सातशे-साडेसातशेच्या आत ठेवावं लागतं आणि तीच या इंजिनांच्या ताकदीची खरी मर्यादा.

आता एक्झॉस्टच्या त्या दीड हजार किमीबद्दल, कारण यात बहुतेक सगळे फसतात. आकडा बघून वाटतं गॅस सुपरसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा वेगवान, आहे. नाही. आवाजाचा वेग तापमानावर अवलंबून असतो, आणि ६०० अंश सेल्सिअसच्या गॅसमध्ये तो सेकंदाला पावणेसहाशे मीटरच्या घरात जातो. आपला गॅस ४३५ ने चाललाय, म्हणजे स्वतःच्या हिशोबाने माक ०.७५ च्या, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या पाऊणपटीच्या, आसपासच. नोझल चोक झालेलं नसतं, म्हणजे तिथे गॅस आवाजाच्या वेगाला टेकलेला नसतो. म्हणून मागे कॉनकॉर्ड या सुपरसॉनिक प्रवासी विमानासारखं फाकणारं नोझल लावून काही मिळत नाही. दरवर्षी कुणीतरी ते थ्रीडी प्रिंट करून आणतंच!

आता विमानाचा वेग. तो गुणाकार परत घ्या, पण या वेळी पूर्ण रूपात: थ्रस्ट म्हणजे हवेचं वजन गुणिले (एक्झॉस्टचा वेग वजा विमानाचा वेग). जमिनीवर विमानाचा वेग शून्य, म्हणून ४३५ पूर्ण कामाला येतात. ताशी ७०० किमीला, म्हणजे सेकंदाला १९४ मीटरला, उरतात २४१. बाकी काहीच बदललं नाही असं धरलं तर थ्रस्ट १०० चा ५५ न्यूटन होतो. तुमची पहिली शंका इथे मिटते, एक्झॉस्टच्या वेगाला पोहोचेपर्यंत थ्रस्ट शून्याकडे जायला लागतो, त्यामुळे तो आकडा गाठायचा नसतोच, तो लांबचा कुंपणाचा खांब आहे.

पण "बाकी काहीच बदललं नाही" हे खोटं आहे, आणि तुमची दुसरी शंका इथे अर्धी खरी ठरते. ७०० किमीला समोरची हवा इनटेकमध्ये थांबवली की तिचा दाब जवळपास पाव बारने वाढतो. इंजिनाला तेवढा दाब आयता मिळाला. जड हवा आत आली म्हणजे सेकंदाला जास्त किलो, आणि मागे नोझलवरही दाब जास्त म्हणून गॅस आणखी जोरात सुटतो. मी ढोबळ हिशोब मांडला, हवा ०.२३ ची ०.२६-०.२७ होते, एक्झॉस्ट पाचशेच्या वर जातो, त्यातून १९४ वजा केले की थ्रस्ट पंच्याऐंशी न्यूटनच्या आसपास येतो. हे इनटेक एकदम आदर्श असेल तर. इनटेकने निम्मा दाब वाया घालवला तर सत्तरच्या घरात. म्हणजे रॅममुळे, समोरून कोंबल्या जाणाऱ्या या दाबामुळे, काहीतरी परत मिळतं, पण गेलेलं सगळं परत मिळत नाही. फायटर विमानांच्या आलेखात माकच्या पुढे थ्रस्ट वर चढताना दिसतो तो तुम्ही कुठेतरी बघितला असेल, तिथे वेग इतका असतो की रॅमचा दाब कित्येक पट होतो. आपल्या ०.५-०.६ माकमध्ये तसं काही होत नाही.

याच्यात एक बारीक मेख आहे जी मला जास्त महत्त्वाची वाटते. हवा थांबवली की फक्त दाब वाढत नाही, तापमानही वाढतं, ७०० किमीला साधारण १९ अंश. आणि कॉम्प्रेसरला तुमचा आरपीएम कळत नाही, त्याला कळतो आरपीएम भागिले तापमानाचं वर्गमूळ, ज्याला करेक्टेड स्पीड म्हणतात. गरम हवेत तोच १,५२,००० आरपीएम त्याला तीनेक टक्के कमी वाटतो. तीन टक्के म्हणजे किरकोळ वाटतील, पण या इंजिनात थ्रस्ट साधारण आरपीएमच्या घनाने चढतो, शेवटच्या दहा टक्के आरपीएममध्ये जवळपास पाव थ्रस्ट असतो. आणि वर आरपीएम वाढवून भरपाई करायची सोय नाही, ईसीयू (इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) मॅक्सला आडवा येतो. यायलाच पाहिजे, वर सांगितलेले ते ५ लाख जी आठवा.

मग शेवटी विमान अडवतं कोण? ड्रॅग. समजा एखादं मॉडेल ३०० किमीला पोहोचलं आणि तिथे थ्रस्ट आणि ड्रॅग बरोबरीला आले, दोन्ही सत्त्याऐंशी न्यूटनच्या आसपास. त्याला ७०० ला न्यायचं तर ड्रॅग होतो साडेपाच पट, पावणेपाचशे न्यूटन, आणि थ्रस्ट मात्र तेवढाच राहतो किंवा जरासा कमी. मोठं इंजिन टाकू म्हणाल तर त्याच कंपनीचं पी४०० आहे, जवळजवळ ४०० न्यूटन, पण वजन साडेतीन किलोच्या वर आणि व्यास १४८ मिमी, म्हणजे नुसत्या इंजिनाचं तोंडच सव्वादोन पट मोठं, त्याला गुंडाळणारं विमान जाडं, टाकी मोठी, परत ड्रॅग. म्हणून स्पीडवाले लोक आधी विमान बारीक करतात आणि मग इंजिन शोधतात. नील्स हेरब्रिख या जर्मन माणसाने १४ सप्टेंबर २०१७ ला बालेनश्टेटला ताशी ७४९ किमीचा गिनीज रेकॉर्ड केला, त्या विमानाचे फोटो बघा, पंखाला जाडी म्हणून नाहीच. आणि त्या वेगाला माक ०.६ ओलांडलेला असतो, म्हणजे पंखाच्या वर काही ठिकाणी हवेचा वेग त्याच्याही बराच पुढे गेलेला असतो आणि ड्रॅग वर्गाच्या हिशोबापेक्षाही जास्त चढायला लागतो. फ्लटरची, म्हणजे पंख फडफडून तुटायची, भीती वेगळीच. (आणि ज्यांना वाटतं वेग म्हणजे इंजिनच, त्यांच्यासाठी: डोंगराच्या आडोशाला गोल गोल फिरवून उडवलेलं बिनइंजिनाचं ग्लायडर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात ८८० किमीच्या पुढे गेलं. जेटवाले या विषयावर बोलत नाहीत.)

उलट एक गोष्ट टर्बोजेटच्या बाजूने आहे, ती कुणी सांगत नाही. थ्रस्ट गुणिले वेग म्हणजे उपयोगी ताकद. ३०० ला ती साधारण ७ किलोवॅट होते, ७०० ला १५ च्या आसपास, आणि इंधन मात्र थोडंसंच जास्त. म्हणजे हे इंजिन जेवढं जोरात पळवाल तेवढं पैसा वसूल, आणि कमी वेगाला अगदीच उधळं आणि सुस्त. डीआरडीओचं 'अभ्यास' हे टार्गेट विमान बघा, आकाशात छोट्या गॅस टर्बाइनवर चालतं पण जमिनीवरून सुटताना दोन बूस्टर रॉकेट लावतात. शून्यावरून लवकर वेग पकडायचं काम टर्बोजेटच्या स्वभावात नाही, एकदा वेग मिळाला की मग ते टिकवतं.

आता "गुदमरणं". याच्यात तथ्य आहे पण दोष इंजिनाचा नसतो. मी तीन गोष्टी बघतो.

पहिली म्हणजे इनटेक. जमिनीवर उभं असताना इंजिन चारही बाजूंनी हवा ओढतं, म्हणून त्याला गोल ओठांचं मोठं तोंड आवडतं, हवेचा वेग डक्टमध्ये शंभर मीटर धरला तर २० चौरस सेमी तरी लागतात. ७०० किमीला त्याच इंजिनाला १२ चौरस सेमी पुरतात. बाकीची हवा तोंडावर आपटून बाजूला सांडते आणि ड्रॅग वाढवते. त्यामुळे मधला मार्ग काढावा लागतो आणि तो विमानावर अवलंबून आहे, सरसकट आकडा मी सांगणार नाही. मात्र इनटेक फ्यूजलाजला (विमानाच्या धडाला) चिकटलेला असेल तर तिथली मंदावलेली हवा आत जाते आणि व्हीलच्या एका बाजूला कमी, दुसऱ्या बाजूला जास्त दाब मिळतो. जोरात वळताना इंजिन घोगरं होतं ते बऱ्याचदा यामुळे.

दुसरी, पंप. हे लोकांच्या लक्षातच येत नाही. ७०० ला इंजिन जास्त हवा घेतंय म्हणजे इंधनही जास्त लागणार, आणि कम्बस्टरमधला दाबही २.९ चा साडेतीन बारकडे गेलेला असतो, म्हणजे पंपाला जास्त इंधन जास्त दाबाविरुद्ध ढकलायचंय. जमिनीवर फुल थ्रॉटलला ज्याचा पंप नव्वद टक्क्यांवर चाललाय, त्याचं इंजिन डाइव्हमध्ये आरपीएम धरत नाही. मालक म्हणतो इंजिन गुदमरलं, लॉग उघडून बघावं तर पंप शंभरला टेकलेला असतो. फिल्टर चोंदलेला किंवा नळी बारीक, बस्स. आणि हवेचा बुडबुडा आला तर कितीही पंप असला तरी आग विझते, कारण वर सांगितले तेवढे दोन-तीन मिलिसेकंदच हातात असतात. म्हणून मेन टाकी आणि पंपाच्या मध्ये बुडबुडे अडवणारा एअर ट्रॅप हवाच.

तिसरी, थ्रॉटलची घाई. आयडलवरून फुलला जायला तीन ते पाच सेकंद लागतात आणि ते मुद्दाम असतं. इंधन टाकल्या टाकल्या तापमान लगेच चढतं, रोटर मात्र जडत्वामुळे मागे राहतो, हवा कमी आणि आग जास्त, कॉम्प्रेसर सर्जमध्ये जातो (हवा उलटी फिरायला लागते) आणि टर्बाइन भाजतं. उलट झटकन बंद केलं तर रोटर अजून जोरात फिरतोय, हवा भरपूर, इंधन थेंबभर, ज्वाळा पातळ होऊन विझते. वेगात असताना रॅममुळे हवा आणखी जास्त म्हणून ही दुसरी भीती वाढते. ईसीयूचे डिसिलरेशनचे (आरपीएम खाली आणायच्या वेळेचे) आकडे "रिस्पॉन्स चांगला मिळावा" म्हणून कमी करणारे महाभाग आहेत, त्यांची विमानं मग शेतात सापडतात.

आपल्याकडच्या हवेचंही बघा, कारण डेटाशीट १५ अंश आणि समुद्रसपाटी धरून लिहिलेलं असतं. पुणे साधारण ५६० मीटरवर, दुपारी ३५ अंश असतील तर त्याच आरपीएमला १०० न्यूटनचं इंजिन ८५ च्या आसपास देतं. नागपूरला मे महिन्यात ४५ अंशांना तेवढंच किंवा थोडं कमी. इंजिन बिघडलं म्हणून कुरिअरने परत पाठवू नका.

प्रोजेक्टसाठी म्हणाल तर विमान उडवायच्या भानगडीत न पडता टेस्ट बेंच करा असं माझं मत आहे. उडवायचंच असेल तर ड्रोन नियम २०२१ मध्ये २५ किलोच्या आतल्या आणि नजरेच्या टप्प्यात उडवायच्या मॉडेलसाठी वेगळी तरतूद आहे ती नीट वाचा आणि ड्रोन कुठे उडवता येतो त्या झोनचा नकाशा बघा, लोहगाव विमानतळाच्या आसपास तर विचारही नको. बेंचवर इंजिन लोड सेलवर (रेटा मोजणाऱ्या सेन्सरवर) बसवा, इंधन पंपाच्या आकड्यावर विसंबू नका, टाकी वजनकाट्यावर ठेवून मोजा. व्हीलच्या फिरण्याच्या प्रतलात, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, कुणीही उभं राहायचं नाही, काच लावली असली तरी. सीओटूचा अग्निशामक हाताशी, पावडरचा नको, ती आत गेली की इंजिनाचं कामच तमाम. आणि बंद केल्यावर ईसीयू स्टार्टरने रोटर फिरवत थंड करत असतो तेव्हा बॅटरी काढायची नाही, नाहीतर मागच्या गरम बेअरिंगमध्ये तेलाचा कोळसा होतो आणि पुढच्या वेळी तो रोटर माझ्याकडे येतो.

आणि वेगाचा अभ्यास करायला विंड टनेल नाही म्हणून हिरमुसू नका. ७०० किमीला इनटेकमधली हवा १९ अंशांनी तापते म्हणालो ना, पुण्यात डिसेंबरची सकाळ आणि मेची दुपार यांत त्याहून जास्त फरक असतो. तेच इंजिन, तेच नोझल, दोन्ही वेळी पाच-सहा आरपीएमला स्थिर करून थ्रस्ट, एक्झॉस्टचं तापमान आणि कम्बस्टरचा दाब मोजा. नुसत्या आरपीएमवर आलेख काढलात तर दोन वेगळ्या रेषा येतील. आरपीएमला तापमानाच्या वर्गमुळाने आणि थ्रस्टला त्या दिवशीच्या हवेच्या दाबाने भागून परत काढा, दोन्ही जवळजवळ एकावर एक बसल्या पाहिजेत. बसल्या तर दाबाच्या बाजूचा रॅम हिशोबात घालून ७०० किमीचा थ्रस्ट तुम्ही टेबलावर बसून काढू शकाल, आणि माझा वरचा पंच्याऐंशीचा आकडा कितपत बरोबर आहे तेही कळेल. नाही बसल्या तर आधी थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) कुठे लावलाय ते तपासा, कॉम्प्रेसरच्या तोंडाशी हवं, इंजिनाच्या अंगाला चिकटलेलं नको. इंजिन कुठलं घेताय, पंपाचे टक्के किती येतात आणि इनटेकचा फोटो एवढं टाका, त्याच्यावर नेमकं बोलता येईल.